लांबचं चाक आधी

डबी तडकली होती, केसाएवढी.
बाहेरून काहीच दिसत नव्हतं,
फक्त तिच्याखालचा रंग उठला होता
पापुद्र्यांनी, उन्हात सोललेल्या नाकासारखा.
ब्रेक ऑइल रंग खातं.
माणसाच्या आधी पत्र्याला कळतं.

तीस वर्षांची डेलिका, जपानातून आलेली.
स्टिअरिंग उजवीकडे, आणि आमचा रस्ताही उजवीकडचाच,
म्हणजे मी कायम कड्याच्या बाजूला
आणि समोरून येणारं मला उशिरा दिसतं.
डबीच्या झाकणावर बारीक अक्षरं आहेत.
अख्ख्या मेस्तियात ती कुणाला वाचता येत नाहीत.
‘जपून’ असंच असणार.
दुसरं काय लिहितात झाकणावर?

नवी डबी रुस्तावीच्या बाजारातून आली.
नवी म्हणजे दुसऱ्या मेलेल्या गाडीची,
बसच्या टपावर, कांद्याच्या पोत्यात खुपसून.
सोबत दोन रबरी बुचं, वहीच्या कागदात.
कागदावर कुणाचं तरी गणित, चुकलेलं.

जुनं ऑइल सिरिंजने ओढलं,
गाईला सुई देतो त्या. काळं, चहाच्या गाळासारखं.
मग डबी धरून हलवली
इकडे, तिकडे, दुधाचा दात हलवतात तशी.
येईना. येईना. फटकन आली
आणि माझं कोपर बॅटरीवर.
एक शिवी दिली. ती इथे नको.

नवी बुचं ताज्या ऑइलने ओली केली,
दोन्ही अंगठ्यांनी डबी दाबून बसवली.
इथवर एकटीचं काम.

पुढचं दोघांचं.
एकाने पेडलवर पाय द्यायचा,
दुसऱ्याने चाकाशी वाकून हवा काढायची.
गोचा पोलंडमध्ये, कोंबड्यांच्या कारखान्यात.
मुलाचा पाय अजून पोचत नाही.
उरले मुर्झाकान, माझे सासरे.
मी पाहुण्यांची भाडी मारायला लागले
त्या दिवसापासून त्यांनी अबोला धरलाय.
मीठ हवं असलं तर मिठाकडे बघतात.

मी हाक नाही मारली.
तेच गोठ्यातून आले, हात पुसत,
उजवं दार उघडून बसले,
टोपी काढून मांडीवर ठेवली.

सर्वांत लांबचं चाक आधी, असा नियम आहे.
मागचं डावं. चिखलात गुडघा, नळी बाटलीत.

“दाबा.”
काही नाही.
“दाबा.”
गाडीच्या पोटातून एक उसासा.
“धरा.”
“धरलंय.”

दहा महिन्यांतला पहिला शब्द.
मी पाना फिरवला. बुडबुडे आले,
आधी झुंडीने, मग एकेक,
मग नुसतं गढूळ.
“गेलं तळाला,” ते म्हणाले.
“आवळलं. सोडा.”

दाबा. धरा. सोडा.
तीन क्रियापदांवर अर्धी दुपार गेली.
तिसऱ्या चाकाला ते आपणहून बोलले,
“डबी बघ. रिकामी झाली तर सगळं पाण्यात.”
खरंच तळाशी आलं होतं. मी भरली,
काही न बोलता. आता माझा अबोला.

चौथं चाक. मधासारखं स्वच्छ.
“कडक लागतंय,” ते म्हणाले.
“किती?”
“पुरे इतकं.”

पत्र्यावर सांडलेल्यावर बादलीभर पाणी ओतलं.
पुलापर्यंत उतारावर नेऊन बघायचं होतं.
ते उतरले नाहीत. गुडघे सावरत
सरकून डाव्या सीटवर गेले.

एन्गुरी खाली, राखेच्या रंगाची, बडबडत.
दुसऱ्या वळणावर नानुलीची तांबडी गाय उभी,
रस्ता तिच्या बापाचा असल्यासारखी.

मी ब्रेक मारला.
गाडी थांबली, सरळ, नाक किंचित खाली.
गाय हलली नाही.

मी डावीकडे पाहिलं.
तिथे पेडल नाही.
तिथे सासऱ्यांचा बूट जमिनीत रुतवलेला,
गुडघा ताठ,
अजूनही.

“सोडा,” मी म्हटलं.